चाकाचा आवाज: टायर की बेअरिंग?

गाडी साठच्या वर गेली की खालून एक घुमणारा आवाज यायचा. चाळीसला पुसट, साठला स्पष्ट, ऐंशीला इतका की मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागे. मला तो मागून येतोय असं वाटायचं, नवऱ्याला पुढून. गाडी आमची दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय, सेकंड हँड घेतलेली. आम्ही राहतो चिपळूणला, म्हणजे एकीकडे मुंबई-गोवा महामार्गाचं काँक्रीट, दुसरीकडे कुंभार्ली घाट, आणि वर्षातले चार महिने धो धो पाऊस.

एका गॅरेजात दाखवलं. मिस्त्रींनी गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली आणि सांगितलं, चारही टायर बदला. दुसऱ्या गॅरेजात त्याच आठवड्यात उत्तर मिळालं, पुढची दोन्ही बेअरिंग (चाक ज्यांवर फिरतं ते गोट्यांचे भाग) गेलीत. दोघांचं निदान दोन मिनिटांत झालं होतं आणि दोघांनाही शंका नव्हती. चार टायर म्हणजे अठरा-वीस हजार. ऑइल, ब्रेक पॅड, एअर फिल्टर ही कामं मी वडिलांच्या हाताखाली शिकले आणि आजही घरीच करते. चाकाच्या आवाजाचा तपासही घरीच करायचा असं ठरवलं. पैसे वाचवायचे होतेच, पण त्याहून मोठं कारण असं की टायर आणि बेअरिंग या दोन्हींवर गाडीतल्या माणसांचा जीव असतो. तिथे अंदाजाने बदललेला भाग मला चालत नाही.

या दोन आवाजांची लोक हमखास गल्लत करतात, कारण दोन्ही वेगाबरोबर वाढतात आणि दोन्हींचा इंजिनच्या फेऱ्यांशी संबंध नसतो. म्हणून आधी इंजिन बाजूला काढलं. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, सरळ सपाट पट्ट्यावर वेग ऐंशीला नेला आणि क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली. इंजिन चालूच ठेवायचं. ते बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही हातचे जातात. इंजिनच्या फेऱ्या खाली आल्या, पण घुमणं तसंच राहिलं आणि गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरलं. म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही. गिअरबॉक्समधला डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) मात्र न्यूट्रलमध्येही फिरतच असतो, त्यामुळे तो या चाचणीने सुटत नाही. गिअर ऑइलची पातळी आणि रंग पाहिला, ठीक होता. त्याला संशयितांच्या यादीत शेवटी ठेवला.

मग रस्त्याचा उपयोग करून घेतला. महामार्गावर काँक्रीट संपून मधे डांबर लागतं अशा जागा आहेत. नवऱ्याला गाडी एकाच वेगात ठेवायला सांगितली आणि मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. काँक्रीटवरून डांबरावर येताच आवाजाचा वरचा, सूंऽऽ असा भाग एकदम गळून पडला. खालचा घूंऽऽ होता तसाच राहिला. पुन्हा काँक्रीट आलं, सूंऽऽ परत आला. घूंऽऽला रस्ता बदलल्याचं काही देणंघेणंच नव्हतं.

सगळ्या तपासात मला सर्वांत मोलाची वाटलेली माहिती हीच. टायरचा आवाज रबर आणि रस्ता यांच्या भेटीतून होतो, त्यामुळे रस्ता बदलला की तो बदलतो. काँक्रीटवर पाणी निघून जावं आणि पकड राहावी म्हणून आडव्या खाचा पाडलेल्या असतात, त्यावर कुठलाही टायर जास्तच वाजतो. बेअरिंगच्या गोट्या मात्र चाकाच्या हबपाशी, म्हणजे मधल्या भागात, फिरतात. खाली काँक्रीट आहे की डांबर, याने त्यांना फरक पडत नाही. आमच्या गाडीत एक आवाज नव्हताच, दोन होते. दोन्ही गॅरेजवाल्यांना आपापला ऐकू आला होता.

पुढची चाचणी वळणांची. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं, उजवीकडे वळते तेव्हा डाव्या. घासलेल्या बेअरिंगवर वजन वाढलं की ते सहसा जास्त घुमतं. परशुराम घाटाच्या लांब वळणांवर उजवं वळण आलं की घूंऽऽ फुगायचा, डावं आलं की जवळजवळ विरायचा. संशय डाव्या बाजूवर. ‘सहसा’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. बेअरिंगमध्ये गोट्यांच्या दोन रांगा असतात, आणि कोणती रांग खराब आहे त्यावर कधी उलटाही अनुभव येऊ शकतो. म्हणून एवढ्यावर भाग मागवायचा नाही.

घरी आल्यावर टायरना हात लावला. टायर नुसता बघून कळत नाही, नक्षीवरून तळहात फिरवावा लागतो, एकदा पुढे, एकदा मागे. पुढच्या टायरवर दोन्ही दिशांना हात सारखाच सरकला. मागच्या दोन्ही टायरवर एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने प्रत्येक ठोकळ्याच्या काठाशी अडत होता. ठोकळ्याची एक कड उंच, दुसरी झिजलेली. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या हलक्या गाड्यांत मागच्या टायरवर वजन कमी असतं, आणि ते वर्षानुवर्षं जागा न बदलता मागेच राहिले तर असे झिजतात. हे दोन टायर गाडी घेतल्यापासून, बहुधा त्याच्याही आधीपासून, मागेच होते. शॉकॲब्झॉर्बर गेला असेल तर टायरवर ठराविक अंतराने खोलगट चट्टे पडतात. ते नव्हते, शॉकॲब्झॉर्बर कोरडे होते, आणि मागचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदाच वर येऊन थांबत होती.

टायरला फुगा आला असेल किंवा त्यावर एक सपाट डाग असेल तर कसं ओळखायचं, तेही इथेच सांगते. आमच्या १६५/८० आर१४ मापाच्या टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत गाडी दोन मीटरला थोडी कमी जाते. ताशी वीसच्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास तीन फेऱ्या घेतं. एका जागी दोष असेल तर त्या वेगाला सेकंदाला तीन ‘धप’ मोजता येतात. आमच्याकडे असा ठोका नव्हता. असता, तर गाडी न चालवता आधी ते चाक उतरवलं असतं.

आता मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे, बाजू तीच ठेवून. हल्ली तिरपी अदलाबदलही करतात, पण मला फिरण्याची दिशा बदलायची नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच उत्तराला अर्थ राहतो. सूंऽऽ मागून उठला आणि पुढे आला, इतका की नवऱ्याला स्टिअरिंगवरही जाणवू लागला. घूंऽऽ आपल्या जागी ठाम. सूंऽऽचं उत्तर मिळालं: मागचे दोन टायर, आणि फक्त तेच.

घूंऽऽसाठी पुढचं चाक उचललं. सपाट फरशी, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक, आणि जॅकने उचलल्यावर लगेच खाली घोडी, म्हणजे गाडी पेलणारा स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक वर आणि खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नव्हता. बरेच जण इथे बेअरिंगला निर्दोष ठरवून मोकळे होतात. पण बेअरिंग ढिलं होण्याच्या खूप आधीपासून घुमू लागतं. प्ले आला म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलं.

खरी चाचणी कॉइल स्प्रिंगची. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर टेकवायची. नकलमधली (हब आणि बेअरिंग ज्यात बसतात तो लोखंडी भाग) थरथर शॉकॲब्झॉर्बरमधून स्प्रिंगपर्यंत चढते आणि कानाला न कळणारं बोटांना कळतं. उजव्या बाजूला काहीच जाणवलं नाही. डावीकडे बारीक खरखर होती, विहिरीवरच्या जुन्या पंपाला हात लावल्यावर लागते तशी. पुढचं चाक हाताने फिरवताना गिअरबॉक्सही थोडा फिरतो, त्याचाही आवाज मिसळतो. म्हणून दोन्ही बाजू एकामागोमाग तपासून फरक पाहायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नकलवर आणि मूठ कानाशी धरून तेच पुन्हा ऐकलं. डावं पुढचं बेअरिंग.

काही जण या टप्प्यावर एक चाक उचलून गाडी गिअरमध्ये टाकतात आणि ॲक्सिलरेटर देऊन ऐकतात. कृपा करून असं करू नका. डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक दुप्पट वेगाने फिरतं आणि जमिनीवरचं चाक सरकलं तर गाडी घोडीवरून उतरते. हाताने फिरवून कळतं, तेवढं पुरतं.

आणखी एक किरकोळ गोष्ट. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ढाल असते. आमच्याकडच्या रस्त्यांवरची खडी त्यात अडकली की चाकातून भयंकर किंचाळी येते आणि माणूस घाबरून गॅरेज गाठतो. चाक काढलंच आहे तर ती ढाल बोटाने चाचपून घ्यावी.

स्विफ्टचं पुढचं बेअरिंग नकलमध्ये प्रेसने बसवलेलं असतं. घरी नकल उतरवता येते, बेअरिंग काढता येत नाही. हातोड्याने ठोकून काढणारे आणि बसवणारेही आहेत. पण ठोकताना मार गोट्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगच्या रुळावर पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. तसं बेअरिंग काही महिन्यांत पुन्हा घुमतं आणि दोष मग भागाला दिला जातो. त्यामुळे मी कामाचे दोन भाग केले: उतरवणं-चढवणं घरी, प्रेसचं काम लेथवाल्याकडे.

ॲक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केला, नवरा ब्रेक दाबून बसला होता. त्या नटाची कड खाचेत चेपलेली असते. ती आधी छिन्नीने उघडायची, मग पान्याला लांब पाइप. नंतर गाडी वर, चाक बाहेर. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) काढून तारेने स्प्रिंगला टांगला, ब्रेकच्या होजवर लोंबकळू दिला नाही. टाय रॉडच्या टोकाची स्प्लिट पिन आणि नट, लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट, आणि शॉकॲब्झॉर्बरला नकल धरणारे दोन बोल्ट. ते सोडण्याआधी कडेने खडूने खूण केली, म्हणजे परत बसवताना चाकाचा कल फार हलत नाही. आमच्या गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. ज्यांच्या गाडीला आहे त्यांनी सेन्सर आधी सोडवून घ्यावा. अनेक एबीएस गाड्यांच्या बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ते बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरला चाक दिसत नाही आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागून राहतो.

लेथवाल्या काकांनी हब दाबून बाहेर काढला तेव्हा बेअरिंगची आतली एक कडी हबलाच चिकटून आली. असं बहुतेक वेळा होतं, ती पुलरने काढावी लागते. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) काढून बाकीचं बेअरिंगही दाबून बाहेर काढलं. त्या कडीवर, गोट्या फिरतात त्या रुळावर, बोटाला लागतील असे बारीक खड्डे होते आणि ग्रीस तपकिरी पडलं होतं. पाणी गेलं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढण्याची वेळ येतेच. चालून गरम झालेला हब पाण्यात एकदम थंड होतो आणि जुन्या सीलच्या कडेने पाणी आत ओढतो.

नवं बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा. हब बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा. जोर गोट्यांमधून गेला की काम वाया. काकांना हे सांगावं लागलं नाही, त्यांनी त्या त्या मापाच्या रिंगा आधीच काढून ठेवल्या होत्या. असा माणूस गावात असणं हे भाग्य आहे. घरी सगळं उलट्या क्रमाने चढवलं, ॲक्सलचा नट नवा घातला, मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसला आणि त्याची कड खाचेत चेपली. मग लगेच अलाइनमेंट. नकल उतरवल्यावर त्यात टाळाटाळ नको.

घूंऽऽ गेला. सूंऽऽ उरला, आणि आता त्याच्यावर पैसे खर्च करायला माझी ना नव्हती.

नक्षीची खोली मोजली. आधी पुढे असलेल्या टायरवर साधारण साडेचार मिलिमीटर शिल्लक, सगळीकडे सारखी. वाजणाऱ्या दोघांवर तीनच्या आसपास. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला नक्षी आली की टायर संपला. पण ही मर्यादा कोकणातल्या पावसासाठी मला पुरेशी वाटत नाही. रस्त्यावर पाण्याचा थर असतो तेव्हा ते पाणी बाहेर ढकलायचं काम खाचांची खोलीच करते. खोली कमी पडली की चाक पाण्यावर तरंगतं, आणि त्या क्षणी ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग. आमच्या घरचा नियम तीन मिलिमीटरचा आहे, आणि बदल पावसाळ्याआधी. म्हणून दोन टायर घ्यायचे ठरले, चार नाही.

स्टेपनी वापरून एकच घ्यावा, असंही घरात सुचवलं गेलं. तिची नक्षी पूर्ण होती. पण टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२२४ म्हणजे २०२४ सालचा बाविसावा आठवडा. आमच्या स्टेपनीचं शेवटचं जोडपं १४ होतं. रबर न वापरताही म्हातारं होतं, बाजूला बारीक भेगा दिसत होत्या. तिला रोजच्या चाकावर घालणं शक्यच नव्हतं.

माप. व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ येतं, झेडएक्सआयला १८५/६५ आर१५. दोन्हींचा व्यास जवळपास सारखा, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. टायरच्या दुकानात त्याच रिमवर १८५/७० आर१४ घालायचा आग्रह झाला, गाडी ‘बसल्यासारखी’ चालते म्हणून. रुंद टायर वळणावर बरा वाटतो हे खरं आहे. पण तो जड असतो, मायलेज थोडं खातो, आणि त्याच वजनाच्या गाडीखाली रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. मूळ मापच घेतलं, ८५ टी. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलोचा भार, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा. यातला कोणताही आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही.

मग पॅटर्न. बहुतेक कंपन्यांकडे छोट्या गाड्यांसाठी दोन स्वभावाचे टायर असतात: एक खूप किलोमीटर चालणारा, दुसरा मऊ आणि शांत. पहिल्याचं रबर कडक, त्यामुळे तो जास्त वाजतो आणि ओल्यात थोडा उणा पडतो. मी कोणत्या कंपनीचा घेतला हे सांगत नाही, कारण एकाच कंपनीच्या या दोन पॅटर्नमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. आमची गाडी वर्षाला फार चालत नाही, टायर झिजण्याआधी वयाने बाद होईल. मग कडक रबर कशाला? दुकानात टायर आडवा पाडून पाहिला. मधे सलग जाणाऱ्या रुंद खाचा हव्यात, त्या पाणी मागे फेकतात. खांद्यावरचे, म्हणजे टायरच्या कडेचे, ठोकळे एकमेकांना जोडलेले हवेत, सुटे मोठे ठोकळे जास्त वाजतात. आणि ठोकळे सगळे एकाच लांबीचे नकोत. चांगल्या पॅटर्नमध्ये ते लहान-मोठे असतात, म्हणजे त्यांचा आवाज एकाच सुरात साचत नाही.

भारतात २०२२ सालच्या अधिसूचनेने टायरचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना वाया जाणारी ताकद) यांना एआयएस-१४२ या वाहन-मानकाच्या मर्यादा आल्या, ही चांगलीच गोष्ट आहे. युरोपात तर डेसिबलचा आकडा लेबलवरच छापतात. पण तो आवाज रस्त्याकडेला मोजलेला असतो, गाडीत बसणाऱ्याच्या कानाशी नाही. त्यामुळे आकडा मिळाला तरी तळहात आणि डोळे वापरायचेच.

शेवटचा वाद टायर कुठे घालायचे याचा.

“ताई, नवे टायर पुढेच टाकतात. ओढायचं काम पुढची चाकं करतात ना?”

“दादा, मागेच टाका,” मी म्हटलं.

पुढची चाकं ओल्यात घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते, स्टिअरिंग हलकं लागतं, पाय सैल केला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाटात ते सावरायला वेळही नसतो, जागाही नसते. जास्त खोल नक्षी मागेच हवी. त्यांनी मान हलवली, पण टायर मागे घातले. साडेचार मिलिमीटरवाले पुढे परत आले. नवे व्हॉल्व्ह, चारही चाकांचं बॅलन्सिंग, हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, तीही टायर थंड असताना.

घरी आल्यावर चारही चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. दुकानातल्या गनने काही नट फारच आवळले होते, ते सैल करून बरोबर कसले. शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा पाहिले. काँक्रीटवर आता सौम्य सरसर येते, डांबरावर तीही नाही. उजवं पुढचं बेअरिंग त्याच पाण्यातून गेलेलं आहे. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची जागा बदलायला गाडी उचलते, तेव्हा त्या बाजूच्या स्प्रिंगवरही बोटं टेकवून चाक फिरवून घेते.